जवळ्याच्या खळ्यावरचं विमान

"फेकलं असशील हातानं," असं आजही कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. अहो, हातानं फेकला तर दगडसुद्धा उडतो! मी केलेलं विमान जमिनीवरनं उठलं होतं. चाकांवर पळालं आणि आपल्या जोरावर उठलं. अख्ख्या पाखाडीनं, म्हणजे आमच्या वाडीनं, बघितलं. गर्व करणं पाप आहे, हे मला लहानपणीच शिकवलेलं आहे आणि बाकीची सगळी पापं मी पाद्रीपुढं गुडघे टेकून वेळच्या वेळी सांगत आले. हे एक मात्र कधी सांगितलं नाही. पश्चात्तापच झाला नाही, तर सांगणार काय, कपाळ?

आमचं घर उत्तनला, अगदी समुद्राला लागून. बापूस होड्या बांधणारा सुतार. घराच्या बाजूलाच झावळ्यांची मोठी मांडवी होती, तिच्याखाली तो होडी बांधायचा. कागदावर काही काढणं नाही, मापाची पट्टी नाही. वीत, बोट आणि डोळा, एवढ्यावर सगळं काम. आणि काम कसं? मला कळायला लागल्यापासून माझ्या बापसाच्या होडीला कधी भोक पडलं नाही की फळी सुटली नाही. खडकावर आपटली तर खडकाला विचारा काय झालं ते. पण त्याची होडी जड असायची. दुसरा सुतार जिथं एक आडवं लाकूड घालील, तिथं हा दोन घालायचा. फळीसुद्धा जाडजूड. पाण्यात ढकलायची म्हटली की पाखाडीतले सगळे पुरुष गोळा करायचे आणि तरी ती जागची हलायला रुसायची.

होडी जड, म्हणजे माशांना बाजारात पोचायला उशीर. दुसऱ्याचे पापलेट विकून झाले की आमच्यावाल्याची होडी येणार. मग कोण घेतो अशी होडी? हळूहळू लोक वसईच्या सुताराकडं जायला लागले. मी सांगते त्या वर्षी, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत, मांडवी रिकामी होती. बापूस दारात बसून जुन्या वल्ह्यांना तासत राहायचा, उगाचच. आमच्याच पाखाडीतल्या एका नाखव्याला, म्हणजे होडीच्या मालकाला, पावसाळ्यानंतर नवी होडी पाहिजे होती. त्यानंही स्पष्ट सांगितलं होतं, "मेस्त्री, राग मानू नको. तुझ्या हाताला हलकं जमत न्हाय."

मुंबईला गोदीत तेव्हा सुतारांना मागणी होती. माझा मामा तिथंच कामाला होता. तो म्हणाला, ईस्टर झाला की येतो आणि दाजींना घेऊन जातो. गोदीत जायचं म्हणजे तिथंच खोलीत राहायचं आणि सणासुदीला घरी यायचं. आई म्हणाली, बरं. बापूस वल्हं तासत राहिला. मी तेव्हा तेरा-चौदाची असेन. बापसाशिवाय घर ही कल्पनाच मला सहन होत नव्हती आणि सांगायची सोय नव्हती, कारण आमच्यात असलं कुणी बोलून दाखवत नसे.

विमानाचं खूळ त्याच्याआधीचं. लढाईमुळं जुहूच्या बाजूनं विमानं यायची, समुद्रावरनं वळायची. आमच्या शाळेत बाईंनी एकदा फळ्यावर चित्र काढून दाखवलं होतं, रबराच्या पिळावर चालणारं खेळण्यातलं विमान कसं करतात ते. मधोमध एक काठी, तिच्याखाली रबराची पट्टी ताणलेली, पुढं पंखा. पंखा उलटा फिरवून रबराला पीळ भरायचा आणि सोडायचं. बाई म्हणाल्या, परदेशातली मुलं करतात. झालं! मी घरी येऊन सांगितलं, मी करणार.

बोंबील वाळत घालतात त्यातला बांबू घेतला. पतंगाचा कागद भाईंदरच्या बाजारातनं आईकरवी आणवला. रबराचं मात्र अवघड होतं. लढाईत नवं रबर कुठलं मिळायला? सायकलवरनं पाव विकणारा एक पाववाला यायचा, त्याच्या चाकाची जुनी ट्यूब मागून घेतली. ठिगळं लावून लावून तिच्यात जीवच राहिला नव्हता. पट्टी कापून ताणली तर म्हाताऱ्या माणसासारखी सावकाश मागं यायची. पण तेवढंच होतं, आणि जास्त पीळ दिला की तुटायची. म्हणजे जोर वाढवायची सोयच नव्हती.

बापूस दोन दिवस लांबनंच बघत होता. मग म्हणाला, "पंखा असा करतात व्हय? आण इकडं." रिकाम्या हातांना काम मिळालं. त्यानं पंखा करून दिला, चाकं करून दिली, शेपटीला आधार करून दिला. इतकं सुबक काम, की हात फिरवत बसावं. आणि सगळं सागवानी! सागाशिवाय लाकूड असतं हेच तो मानत नव्हता.

आमच्या घरामागं जवळा सुकवायचं खळं होतं. जवळा म्हणजे ती बारीक कोळंबी. जमीन चोपून, शेणानं सारवून पाटासारखी सपाट केलेली. दुपारी जवळा भरून झाला की खळं मोकळं व्हायचं. तिथं विमान ठेवलं, पीळ भरला, सोडलं. पंखा दोनदा फिरला आणि थांबला. विमान जागचं हललं नाही. टोपल्या उचलणाऱ्या बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. तेवढ्यात तो नाखवा तिथनं चालला होता. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "मेस्त्रीच्या हातचं इमान पण जडच गो!"

थट्टाच केली होती त्यानं, माणूस वाईट नव्हता. पण बापसाचा चेहरा मी बघितला. तो हसला, सगळ्यांच्या बरोबर हसला. मला तिथल्या तिथं वाटलं, की हे उठलंच पाहिजे. खेळणं म्हणून नाही. ह्या माणसासमोर, ह्याच खळ्यावर, ह्याच्या डोळ्यांदेखत उठलं पाहिजे. हातानं फेकून चालणार नव्हतं. फेकलेलं काय, लोक म्हणतील पोरीनं फेकलं.

मग मी भांडून भांडून साग काढायला लावला. पांगाऱ्याचं लाकूड फुलासारखं हलकं. बापसानं नाक मुरडत पांगाऱ्याचा पंखा केला, "हे काय लाकूड हाय? सरपणाला पण चालत न्हाय." पण केला. चाकंही त्याचीच केली. आता विमान पळायला लागलं. खळ्याच्या अर्ध्यापर्यंत जायचं आणि दमून थांबायचं. मी म्हटलं, उद्या आणखी कमी करू, उद्या उठेल.

दुसऱ्या दिवशी शाळेतनं आले तर दारातच वास आला. ओळखीचा वास. आमच्याकडं माशाच्या तेलात चंद्रूस, म्हणजे राळ, कढवून होडीला लावतात, पाणी आत शिरू नये म्हणून. आणि कोरडं लाकूड घरात ठेवणं माझ्या बापसाला पाप वाटायचं. पाट, पाळणा, देव्हाऱ्याची चौकट, सगळ्याला तेल. मी आत गेले. माझं विमान ओट्यावर ठेवलेलं, चमचम चमकतंय. काठीला तेल, बांबूला तेल, कागदाच्या पंखांना तेल. दोन-दोन हात दिलेले! मांजर पंख चाटत बसलेलं. आणि बापूस कौतुकानं म्हणतोय, "बघ, आता दहा वर्षं काय होत न्हाय त्याला."

मी विमान उचललं. ओल्या फडक्यासारखं लागलं हाताला. कागदानं आणि बांबूनं पोट भरून तेल प्यायलं होतं. माझी जी काय तळपायाची आग मस्तकात गेली! मी ओरडले, "तू सगळं जडच करतोस! म्हणून तुझ्या होड्या कुणी घेत न्हाय! म्हणून तुला गोदीत जायला लागतंय!"

आईनं हातातली सुरी खाली ठेवली. बापूस उठून बाहेर गेला. बोलले ते बोलले. असलं काही सांगताना लोक म्हणतात, "नंतर मला फार वाईट वाटलं, मी असं बोलायला नको होतं" वगैरे. मला नाही वाटलं. खरं होतं ते, आणि अख्खा गाव त्याच्या पाठीमागं जे बोलत होता, ते त्याच्या तोंडावर बोलणारी मी एकटीच होते.

आईनं मला मारलं नाही. जवळ बसवलं आणि पहिल्यांदा सांगितलं. बापसाला एक धाकटा भाऊ होता. बापसानं आयुष्यात बांधलेली पहिली होडी त्या भावासाठी होती. तरुण हात, सगळ्यांत वेगानं जाणारी होडी बांधायची हौस. पातळ फळी घातली. पहिल्याच मोसमात वादळात ती फळी फुटली आणि भाऊ परत आला नाही. "तवापासनं तो एकाच्या जागी दोन लाकडं घालतो," आई म्हणाली. "आता तुला कळलं. आता गप बस."

मी गप्प बसले नाही. तो माझा स्वभावच नाही. थोडा वेळ रडले खरी, मग तशीच विमान घेऊन मांडवीत गेले. बापूस तिथं एका ओंडक्यावर बसला होता. मी विमान त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "बा, ह्याच्यात कुणी बसणार न्हाय. पडलं तर पडलं, मोडलं तर मोडलं. कुणी बुडणार हाय काय ह्याच्यातनं?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. मी आणखी जोर करून म्हटलं, "काढ लाकूड. भिऊ नको. मोडेपर्यंत काढ."

त्यानं विमान मांडीवरनं उचलून बाजूला ठेवलं. पण सकाळी उठून मी बघते तर मांडवीत भुसा पडलेला आणि हा मांडी घालून बसलेला. तेल प्यायलेलं सगळं टाकून दिलं होतं आणि नव्यानं सुरुवात केली होती. बांबूची काडी घ्यायची, तासायची, कानाजवळ धरून हळूच वाकवायची. करकर ऐकू आली की थांबायचं. सुरुवातीला त्याचं धाडस होईना. तासणी लाकडाला लावायची आणि उचलायची. पहिली काडी मोडली तेव्हा तो दचकला, अक्षरशः दचकला. मग मोडलेल्या काडीकडं बघून हसला आणि दुसरी घेतली. तीही मोडली. तिसरी राहिली. इतकी बारीक की फुंकरीनं थरथरावी, आणि तरी ताठ. "इथपर्यंत येतं तर," तो स्वतःशीच म्हणाला. त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. मी कागद चिकटवत होते आणि तो काड्या देत होता. आईनं दोघांना मांडवीतच जेवायला आणून दिलं.

तयार झालं तेव्हा आईच्या मासे तोलायच्या काट्यात घातलं. दुसऱ्या पारड्यात मूठभर सुका जवळा टाकला. जवळा जड झाला! आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

तो ईस्टरनंतरचा पहिलाच रविवार होता. देवळातली मिस्सा संपली होती आणि मामा घरी येऊन बसला होता, बापसाला दुपारच्या गाडीनं न्यायला. खाडीच्या बाजूनं भाईंदरला चालत जायचं होतं, म्हणून त्याची घाई चाललेली. मी म्हटलं, थांबा. मी स्वतः जाऊन त्या नाखव्याला बोलावून आणलं. "काय गो, काय हाय?" म्हणत तो आला, आणि तो आला म्हणून सगळी पाखाडी आली. खळ्याच्या कडेनं ही गर्दी!

आता आमची सगळी माणसं दर्यावर्दी. जो तो सांगायला लागला, वारा पाठीला घे, वारा पाठीला घे. होडी शिडावर सोडायची तर वारा पाठीलाच घेतात, नाही तर पुढं कशी जाणार? बापूसही तेच म्हणाला. मीही तेच केलं, मला तरी कुठं दुसरं माहीत होतं? पीळ भरला, वाऱ्याकडं शेपूट केली, सोडलं. काय पळालं म्हणून सांगू! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. लोकांनी आरोळी ठोकली. पण चाकं काही जमीन सोडेनात. शेवटी टोपलीवर जाऊन धडकलं आणि थांबलं.

नाखवा म्हणाला, "हलकं झालं, मानलं. पण उठत न्हाय बाबा." मामा म्हणाला, "चला आता, उशीर होतोय." आणि बापूस खरोखरच पिशवी घ्यायला वळला.

मला रडू आलं नाही. मला राग आला. माझ्या आयुष्यातली निम्मी कामं रागानंच झालेली आहेत. मी त्या खळ्याकडं बघत उभी राहिले. ह्याच खळ्यावर मी रोज हातात काठी घेऊन कावळे हाकलायचे. जवळा वाळत घातला की कावळे येणार, मी धावले की उडणार. आणि ते कधी माझ्यापासून लांब पळत उडत नसत, मेले! वारा ज्या बाजूनं असेल त्या बाजूला तोंड करायचे, मग मी तिकडनं येत असले तरी. कितीदा माझ्या अंगावरनंच गेले असतील. मी त्यांना शिव्या घालायचे, की अरे गाढवांनो, मी इकडं उभी आहे आणि तुम्ही इकडंच येताय?

मी विमान उचललं आणि दुसऱ्या टोकाला गेले. समुद्राकडं तोंड करून ठेवलं.

"अगो, वाऱ्याच्या तोंडावर?" कुणीतरी ओरडलं. बापूस म्हणाला, "पोरी, उलटं ठेवलंस तू."

"ठेवलं तसं राहू दे," मी म्हटलं. पीळ भरला. ट्यूबचं ते मेलेलं रबर बोटाखाली किरकिरत होतं. आणखी एक फेरी दिली असती तर तुटलं असतं. वाऱ्याची झुळूक अंगावर येईपर्यंत थांबले आणि हात सोडला.

ह्या वेळी ते वेगानं पळालं नाही. सावकाश निघालं, चार पावलं गेलं, आणि शेपूट वर झाली. मग चाकांचा आवाज बंद झाला. पहिल्यांदा मला तेच कळलं, की आवाज येत नाहीये. खाली बघते तर चाकं आणि शेणाची जमीन ह्यांच्यामध्ये उजेड! वीतभर. मग गुडघ्याएवढं. मग माझ्या कमरेएवढं. टोपलीवर आपटलेलं तेच विमान टोपलीच्या वरनं गेलं, बायकांनी डोकी खाली घातली, आणि खळ्याच्या पलीकडं जाळ्यांच्या ढिगावर जाऊन अलगद बसलं.

असा आरडाओरडा सणालासुद्धा ऐकला नव्हता. मी उड्या मारत होते, बेंबीच्या देठापासून ओरडत होते. मला माझा इतका अभिमान वाटला की छातीत मावेना. आजही मावत नाही.

नाखव्यानं जाळ्यावरनं विमान उचललं. लगेच परत दिलं नाही. तळहातावर ठेवून वर-खाली केलं, काडी बोटानं दाबून बघितली, सोडली. मग बापसाकडं वळला.

"मेस्त्री, होडीतनं एवढं काढशील?"

बापूस पिशवी हातात घेऊन उभा होता. ती त्यानं खाली ठेवली. मग म्हणाला, "एवढं न्हाय. काढीन. पण किती काढायचं आणि कुठलं ठेवायचं ते मी सांगणार. मध्ये कोण बोलायचं न्हाय."

"कोण बोलतोय?" नाखवा म्हणाला. मामा त्या दिवशी भाईंदरला एकटाच चालत गेला.

सगळा पावसाळा आमच्या मांडवीत ठोकाठोकी चालली होती. बापूस फळी कानाशी धरायचा, ठोकायचा, तासायचा, पुन्हा ठोकायचा. कधी कधी काम थांबवून नुसता समुद्राकडं बघत बसायचा. तेव्हा त्याला कुणी हाक मारायची नाही, हे मलासुद्धा कळत होतं. पाऊस संपला, होडी झाली. पाद्रीनं येऊन प्रार्थना म्हटली आणि तीर्थ शिंपडलं. पुरुषांनी नेहमीसारखे खांदे लावले, नेहमीसारखा सगळा जोर काढला, आणि होडी अशी सर्रकन निघाली की निम्मे लोक वाळूत तोंडावर पडले. काय हशा पिकला! नाखवा चिंब भिजून नाचत होता.

पहिल्या फेरीला होडीचा मालक आणि त्याची माणसं जातात, ही आमच्याकडची रीत. ते चढले. शीड उलगडायला लागले. तेवढ्यात माझा बापूस पाण्यात शिरला. गुडघाभर, मग कमरेपर्यंत. मला वाटलं, काहीतरी राहिलं असेल, खुंटी बघायची असेल. त्यानं होडीच्या काठाला दोन्ही हातांनी धरलं, एक पाय वर टाकला आणि आत जाऊन बसला. नाखवा काहीतरी म्हणाला, ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. बापसाचं उत्तर मात्र ऐकू आलं. तो मोठ्यानं म्हणाला, "लाकूड मी काढलंय. पयला मी बसणार."

होडी लाटेवर चढली, उतरली, आणि लांब जायला लागली. मी आईकडं वळले. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली होती. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती.

"लग्न होऊन ह्या घरात आले तवापासनं," ती म्हणाली, "ह्या माणसाला मी पाण्यावर बघितला नव्हता."